भाद्रपदात तांत वाजत नाही

तुम्ही ज्या गादीवर पाठ टेकता, तिच्यातला कापूस कोणी पिंजला, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

नसणार. मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. हल्ली मात्र कोणाकडे मुक्काम पडला की मी आडवा होण्याआधी गादी हाताने चाचपतो. कुठे गाठ लागते का ते बघतो. एकही गाठ लागली नाही तर वाटते, ही माझ्या दोस्ताने पिंजली असणार. मग स्वतःचेच हसू येते. या भागात काय तो एकटाच पिंजारी होता?

माझा लहानपणापासूनचा दोस्त या भाद्रपदात मेला. आमच्या गावच्या पिंजाऱ्याचा तो मुलगा, आणि बाप गेल्यावर स्वतःच गावचा पिंजारी. तो कसा मेला हे मला माहीत नाही. त्याला कुठे पुरले हे त्याच्या आईला माहीत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला बरेच दिवस लागले, आणि अजून तरी पुरते कळले आहे की नाही कोण जाणे.

मी पत्रके लिहिणारा माणूस आहे. पत्रकात सगळे स्वच्छ असते. जुलमी कोण, गांजलेला कोण, आणि वाचणाऱ्याने उठून काय करायचे. हा मजकूरही मी तसाच लिहायला घेतला होता. 'जुलमी' हा शब्द कागदावर उमटला आणि पुढे कोण हेच कळेना. तो कागद फाडला. दुसराही फाडला. आता जसे आठवेल तसे लिहितो. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

आमचे गाव हिंगोलीच्या उत्तरेला, पैनगंगेच्या अलीकडे. नदीच्या अलीकडे मोगलाई आणि पलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड. लहानपणी आम्हाला वाटायचे की नदीपलीकडचे पाणीसुद्धा वेगळ्या चवीचे असेल. एकदा दोघांनी पलीकडे जाऊन ओंजळभर पिऊन पाहिले. तो म्हणाला, "सारखंच हाय की रे. मग हे नाक्यावाले कशाचे पैसे घेतात?" पुढे मी या एका प्रश्नावर दोन पत्रके लिहिली, पण प्रश्न मूळचा त्याचा.

त्याचे घर आमच्या घराच्या पाठीला लागून. मधे बोळ होता, पण बोळाला कोणी जुमानत नसे. दसरा सरला, हवा कोरडी झाली की त्याच्या घरातून आवाज सुरू व्हायचा. टंव, टंव, टंव. आढ्याला टांगलेली पिंजायची कमान, तिला ताणून बांधलेली आतड्याची तांत, आणि त्या तांतीवर बसणारी लाकडी मोगरी. खाली गाठी धरलेला कापूस असायचा. तांत त्याला शिवली की कापूस घाबरल्यासारखा उडायचा आणि उडता उडता हलका व्हायचा. मला तो आवाज इतका सवयीचा होता की थंडीत तो बंद पडला तर झोपेतून जाग यायची.

आमचा एक खेळ होता. कापूस पिंजताना धूळ उडते, ती केसांवर, भुवयांवर, ओठांवर बसते. आम्ही मुद्दाम त्या उडत्या कापसात जाऊन उभे राहायचो आणि पांढरे होऊन बाहेर यायचो. मग ओट्यावर म्हातारे होऊन बसायचे. तो कमरेवर हात ठेवून कण्हत म्हणायचा, "काय पाटील, सुना नीट वागवतात का?" मी म्हणायचो, "कशाच्या वागवतात मियाँ, भाकर कडक देऊन राहिल्या." त्याची आई, जिला मी चाची म्हणतो, आतून ओरडायची, "मेल्यांनो, खोकला लागंल! म्हातारे व्हायची लई घाई झाली का तुमाला?"

एकदा याच खेळात आम्ही टांगलेल्या कमानीला लोंबकळलो. दोर तुटला. कमान, आम्ही दोघे आणि अर्धवट पिंजलेला कापूस, सगळे एकावर एक. चाचा, म्हणजे त्याचा बाप, धावत आला. आधी कमान उचलून पाहिली, मग आम्हाला पाहिले, आणि दोघांना सारख्या थपडा दिल्या. माझी आई बोळातून आली तर तिला म्हणाला, "वहिनी, तुमच्या पोराला बी मारलं. राग मानू नका." आई म्हणाली, "अजून एक द्या."

दसऱ्याला आमच्या घरी नांगराची, विळ्या-खुरप्यांची पूजा झाली की आई झेंडूची दोन फुले माझ्या हाती देऊन म्हणायची, चाचाच्या कमानीला वाहून ये. चाचा ती फुले कमानीच्या टोकाला अडकवायचा. "आमच्यात पूजा न्हाई," तो दर वर्षी म्हणायचा, "पण फूल हाय, राहू दे." दर वर्षी तेच वाक्य. मला ते इतके पाठ होते की तो बोलायच्या आधीच मी ते म्हणून टाकायचो आणि तो हसायचा.

शाळा आमची उर्दूची. मोगलाईत दुसरी कुठली असणार! मला उर्दू चांगली यायची. त्याला मुळीच नाही. तो दुसऱ्याच इयत्तेत शाळा सोडून बापाच्या हाताखाली बसला. त्यामुळे त्याच्या घरी उर्दूत छापलेले काही आले की वाचायला मला बोलवायचे. तो मला मौलवी म्हणायचा. "ओ मौलवी, या की, आमाला कायी कळत न्हाई." मराठी मी घरात, काकांच्या जुन्या पाटीवर शिकलो होतो, तेही लपूनछपून केल्यासारखे. वाचायला मराठी पुस्तक असे हाती काही नव्हते.

पहिले मराठी छापील मला त्यानेच आणून दिले, आणि ते उशीतून निघाले. एका गिऱ्हाइकाची जुनी उशी त्याने पिंजायला उसवली, तर आत घडी घातलेला कागद. कोणी कधी लपवला, का विसरला, देव जाणे. तो बोळातून पळत आला. "बघ रे, उशीला काय झालंय!" मी बोट ठेवून वाचले. आमची भाषा, आमची शाळा, आमचा हक्क, असे त्यात होते. मी वाचत गेलो आणि माझे कान तापले. कोणीतरी दूर बसून माझ्या मनातले छापले होते. मी वर पाहिले तर तो त्याच कागदाचा एक कोपरा चिमटीत धरून बघत होता. "कागद चांगला हाय," तो म्हणाला. "जाड हाय."

तिथून पुढे मी त्या कागदांवरच वाढलो. वऱ्हाडातल्या छापखान्यातून पत्रके यायची, ती मोगलाईत बंदीची. आणायची कशी? त्यानेच युक्ती काढली. पिंजाऱ्याला गावोगाव हिंडावे लागते. खांद्यावर कमान, कमानीला अडकवलेले गाठोडे, गाठोड्यात गाद्या-उशा. गावाच्या वेशीशी आला की तो तांत छेडायचा, टंव टंव, आणि बाया जुन्या उशा घेऊन दारात यायच्या. त्याला हाळी द्यावी लागत नसे, तांतच हाळी द्यायची. नाक्यावर त्याला कोणी अडवत नसे. तो सांगायचा, "कमान खांद्याव असली की मला कोणी इचारत न्हाई. जितराबाला कोणी इचारतं का?"

एकदा मी त्याच्याबरोबर होतो. नाक्यावरच्या जवानाने उशीवर हात मारला. आत आमची पत्रके.

"अरे, कितना सख्त तकिया है ये!"

हा शांतपणे म्हणाला, "साहेब, सासऱ्यासाठी हाय. नरम दिलं तर सासरा सकाळी उठत न्हाई."

जवान पोट धरून हसला. जाताना म्हणाला, माझ्याही सासऱ्याला एक करून दे. सासरा तर याला अजून ठरायचाच होता. नाका मागे पडल्यावर हा वैतागून म्हणाला, "तुझ्या कागदानं माझं नाव खराब व्हतंय. पिंजाऱ्याची उशी कडक! लोक काय म्हणतील?"

त्याला त्या कागदात काय लिहिले आहे याची पर्वा होती का? इथेच मी गोंधळतो. मी वाचून दाखवायचो, तो ऐकायचा. एकदा मीच लिहिलेले एक त्याला मोठ्या आवाजात वाचून दाखवले. शेतकऱ्यांनो, मजुरांनो, विणकरांनो, सुतार-लोहारांनो, अशी त्याची सुरुवात होती. तो कापसाच्या गाठी सोडवत होता. म्हणाला, "यात मी कुठं हाय?"

"कारागीर म्हटलंय की पुढं. त्यात तू आलास."

"मग पिंजारी लिव्ह की."

"बरं, पुढच्या वेळी लिहितो."

"लिव्हणार न्हाईस," तो हसत म्हणाला. "तुला त्यो शब्द हलका वाटून राहिला." आणि मोगरी उचलून पिंजायला लागला. मी बोललो ते त्या आवाजात त्याला ऐकू गेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोगलाईच्या बाजूच्या, गणवेश घातलेल्या टोळ्या गावोगाव हिंडू लागल्या. माझे नाव त्यांच्यापर्यंत गेले आहे असे कळल्यावर मी नदीपलीकडे, वऱ्हाडात, मोगलाईशी लढणाऱ्या आमच्या लोकांच्या शिबिरात गेलो. नदीपर्यंत सोडायला तोच आला होता. मोठे काही बोलणे झाले नाही. तो म्हणाला, "पलीकडं गादी भेटंल का तुला?" मी म्हणालो, "गोणपाट मिळालं तरी बस्स." त्याने मान हलवली. "लई दिवस लावू न्हको. लावले तर येतो बघ तुला उचलून न्यायला." असे आपण सगळेच म्हणतो. तेव्हा मी ते मनावर घेतले नाही. आता ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग उतरला नव्हता आणि मोगलाई संपवायला बाहेरून फौज आली. चार दिवसांत राज्य बदलले. आम्ही शिबिरात नाचलो. मी स्वतः नाचलो, ते नाकारत नाही. ज्यासाठी वाढलो ते झाले होते. पण मी गावी लगेच गेलो नाही, शिबिरातले काम होते, आणि त्या दिवसांत गावांमधून काय काय होऊन गेले ते मला मागाहून कळले. आमच्या गावातही काही घरे रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली यावर मला लिहायचे आहे, पण आज तेवढा धीर नाही. चाचीला माझ्या आईने आमच्या घरात आणून ठेवले होते. दाराला आतून कडी, आणि कोणी विचारले तर आई सांगायची, "माझी जाऊ हाय, बरं न्हाई तिला."

दोस्त मात्र त्याच्या आधीच घराबाहेर पडला होता. चाची आमच्या शेतात निंदायला गेली होती. परत आली तर तो नाही, आणि आढ्याची कमान नाही.

मी परतलो तेव्हा चाचीने मला पहिली गोष्ट सांगितली ती ही. "कमान घेऊन गेला रे. भादव्यात!"

ज्यांच्या गावात पिंजारी नाही त्यांना यातले काही कळणार नाही, म्हणून सांगतो. पावसाळ्यात तांत ओल धरते. सैल पडते. तिच्यावर मोगरी मारली तर नुसते ठुस्स होते. कापूसही ओलसर असतो, तो उडत नाही. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत कोणताही पिंजारी कमान खाली काढत नाही. तोही पावसाळाभर आमच्या शेतात खुरपे धरायचा. मग ऐन भाद्रपदात तो कमान खांद्यावर टाकून का गेला?

वेशीपासून दोन वाटा फुटतात. एक खाली दक्षिणेला जाते. तिकडे हट्ट्याला त्याची थोरली बहीण दिलेली आहे. तिची काळजी वाटून तो तिला आणायला निघाला असेल. दुसरी वाट वर नदीला येते. नदीपलीकडे मी होतो. त्याला कोणीतरी वेशीबाहेर पडताना पाहिले, पण पुढे कोणत्या वाटेला लागला ते पाहिले नाही, कारण पाऊस होता. बहिणीकडे तो पोचला नाही. माझ्याकडेही पोचला नाही.

मला वाटते, त्याने कमान घेतली ती कामासाठी नव्हे. कमान खांद्यावर असली की कोणी विचारत नाही, हे त्याचे जन्माचे शहाणपण. टोळी आली तरी पिंजारी, फौज आली तरी पिंजारी, आमची पोरे आली तरी पिंजारी. पण ते शहाणपण कोरड्या दिवसांचे होते. पावसात लांबून येणाऱ्या माणसाच्या खांद्यावर काहीतरी लांब दिसते. त्या दिवसांत खांद्यावर लांब दिसणारी प्रत्येक वस्तू लोकांना बंदूक नाहीतर भाला वाटत होती. त्याने वेशीशी नेहमीप्रमाणे तांत छेडली असेल. ती वाजली नसेल. कोणाला कळले नसेल की हा आपला पिंजारी.

असे मला वाटते. पण हे मी बसल्या जागी रचलेले आहे. त्याला पूर आलेल्या ओढ्याने नेले असेल. त्याला टोळीने पत्रकांसाठी ओळखून धरले असेल. त्याला आमच्याच शिबिरातल्या कोणी... हे वाक्य मी पुरे करू शकत नाही, आणि खोडूही शकत नाही.

तो मेला हे आम्हाला कळले ते एका गाडीवानामुळे. पावसात एक बैलगाडी वेशीशी थांबली. वेशीला लागून लोहाराची म्हातारी राहते. गाडीवानाने तिच्या दारावर थाप मारली, फटीतून कमान आत दिली आणि म्हणाला, "तुमच्या पिंजाऱ्याला माती दिली. चांगली जागा बघून दिली." म्हातारीने भीतीने काहीच विचारले नाही. गाडी वळून निघून गेली. म्हातारीला एवढे आठवते की गाडीवान अंगाने आडवा होता, आणि बैलांच्या शिंगांना पोळ्याचा तांबडा रंग होता, पण एका बैलाचे डावे शिंग अर्धे मोडलेले होते.

मी ती कमान हातात घेतली. तिच्या दांड्यावर लांब चीर होती. मी ती बोटाने चाचपली आणि माझ्या डोक्यात पत्रक सुरू झाले.

आमच्या शिबिराचे प्रमुख त्या सुमाराला गावी आले होते. त्यांनी चीर पाहिली आणि म्हणाले, "गोळी घासून गेली आहे. स्वच्छ आहे. तुम्ही लिहा. पत्रके वाहताना शत्रूच्या गोळीला बळी पडला."

मी म्हणालो, "पण नक्की माहीत नाही."

"तुम्ही लिहिणारे आहात. तुम्हाला शंका परवडत नाही." मग जरा सौम्यपणे म्हणाले, "हे पाहा, आपल्या हुतात्म्यांत एक तरी मुसलमान असलाच पाहिजे. त्याच्या आईलाही त्याने संरक्षण मिळेल. तुम्हाला नको आहे का ते?"

हवे होते. अजूनही हवे आहे. त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, आणि तरीही ते मला गिळवत नव्हते. मी पारावर गेलो, तर तिथे तोच विषय.

एक म्हणाला, "आपल्यातलाच व्हता त्यो."

दुसरा म्हणाला, "आपल्यातला मंजे कोणातला?"

"मंजे गावातला."

"गावातला तर व्हताच. पण भादव्यात कमान घेऊन कुठं निघाला व्हता, ते सांग की."

"तुझ्या लेकीच्या लग्नातल्या गाद्या कोणी पिंजल्या, ते तू सांग आधी."

पण मला पाहून दुसरा पुन्हा म्हणाला, "इचारा की ह्यांना. दोस्त व्हता ह्यांचा. कोणत्या बाजूचा व्हता हो?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. जो मी बाजू कोणती यावर तासभर बोलू शकतो, त्या माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. तो माझ्या बाजूचा होता का? की फक्त माझ्या शेजारी होता? मी पारावरून निघालो.

कमान घेऊन मी चाचीकडे गेलो. ती पुन्हा आपल्या घरी राहायला गेली होती. मी तिला चीर दाखवली, आणि प्रमुख म्हणाले ते सांगितले. हुतात्मा म्हणजे काय तेही समजावले. ती ऐकत होती. मग तिने कमान मांडीवर घेतली आणि त्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"ही चीर जुनी हाय रे," ती म्हणाली.

मी म्हणालो, "नाही चाची, आधी नव्हती. मी इतकी वर्षं पाहिली कमान."

"वरतून कातडं व्हतं, म्हणून दिसत नव्हती. पाण्यात कातडं सुटलं." जिथे कातडे होते तिथला दांड्यावरचा फिका पट्टा तिने दाखवला. "तुमी दोघं लोंबकाळले व्हते न्हवं? दोर तुटला, कमान आदळली. तवाची हाय ही. तुझ्या चाचानं राती बसून कातडं शिवलं. तू तर व्हतास की तवा."

मी तर होतो की तेव्हा. थपड आठवली, आई म्हणाली ते आठवले, कापसाने पांढरे झालेले केस आठवले. चीर आठवली नाही. जिला मी शत्रूची गोळी म्हणून छापणार होतो ती आमच्या खेळाची खूण होती.

मी म्हणालो, "चाची, मी शोधून काढतो. कोणी मारलं ते मी शोधल्याशिवाय राहणार नाही."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लेकरा, तू कोणी मारलं ते इचारून राहिला. मी कुठं हाय ते इचारून राहिले."

"पण ज्यानं केलं त्याला..."

"ज्यानं केलं त्याचं नाव कळलं तर तुला लिव्हाया व्हईल. मला काय व्हईल? मी कोणाच्या दारात जाऊ भांडाया?" तिचा आवाज चढला नाही. "त्यो गाडीवाला म्हणला, चांगली जागा बघून दिली. बाप्या, ती जागा तेवढी दाव मला. तिथं बसून दोन शब्द म्हणते, हातानं दोन मुठी माती टाकते. ढेकळं टोचत असतील त्याला. त्याला गाठ चालत नव्हती. गादीत एक गाठ राहिली तर अख्खी उसवायचा."

तिने कमान मांडीवरून खाली ठेवली.

"अन् तुमी कोणी मारलं म्हणून गावोगाव इचारत हिंडला तर त्यो गाडीवाला भेटंल का? दडून बसंल. त्याला वाटंल, आपल्यावर आलं."

हे मला सुचले नव्हते. मी त्या गाडीवानाला साक्षीदार समजत होतो. चाची त्याला तिच्या लेकराला माती देणारा माणूस समजत होती. पावसात, भरल्या दहशतीत, ना नात्यातल्या ना गोतातल्या पिंजाऱ्यासाठी खड्डा खणणारा माणूस. आणि मग त्याचे हत्यार घरी पोचवायला पुन्हा गाडी जुंपणारा.

मी प्रमुखांना कळवले की पत्रक लिहिणार नाही. ते रागावले. म्हणाले, "तुमचे तत्त्व कुठे गेले?" मला त्यांना सांगता आले नाही, कारण ते कुठे गेले ते मी स्वतःच शोधतो आहे. ज्याने मारले त्याला शासन झाले पाहिजे, असे माझे मन आजही म्हणते. पण ज्या प्रश्नाने त्या माईची झोप गेली, त्याच्या आड माझा प्रश्न उभा राहत असेल, तर मी तो बाजूला ठेवतो. कायमचा ठेवता येईल का, माहीत नाही. आज ठेवतो.

आता दसरा होऊन गेला आहे. हवा कोरडी आहे. आईने या वर्षीही झेंडूची दोन फुले दिली आणि मी ती कमानीला अडकवली. ते दर वर्षीचे वाक्य म्हणायला कोणी नव्हते. मी म्हणायला गेलो, पण अर्ध्यावर थांबलो. कमान आढ्याला टांगलेली आहे. ओल गेल्यामुळे तांत आपोआप ताठ झाली आहे. कोणाचा धक्का लागला तर ती वाजते, आणि चाची दाराकडे बघते.

म्हणून वाचणाऱ्या बंधू-भगिनींनो, माझी मागणी ऐका. ज्याला हे कळवायचे आहे त्या गाडीवानाला बहुधा वाचता येत नसेल. तेव्हा हे वाचून ठेवून देऊ नका. तुमच्या गावच्या गाडीतळावर, पुसेगावच्या बाजारात, हट्ट्याच्या बाजारात, नदीच्या उताराशी जिथे गाड्या थांबतात तिथे, मोठ्याने वाचून दाखवा. अंगाने आडवा, आणि एका बैलाचे डावे शिंग मोडलेले, असा गाडीवान दिसला तर त्याला सांगा: तुला कोणी काही विचारणार नाही. तू काय पाहिलेस ते तुझ्यापाशी ठेव. फक्त आमच्या गावी ये. वेशीशी येऊन पिंजाऱ्याचे घर विचार, कोणीही दाखवील. तिथे एक म्हातारी बसली आहे. तिला तुझ्या गाडीत बसव आणि ती जागा दाखव.